आत्याच्या ओव्या आणि भरलेला फोन

जानेवारी २०२४. संक्रांत सोमवारी, १५ तारखेला होती, म्हणून शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांसाठी फलटण तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. पाय धुऊन आत येतोय तोच आत्याने फोन माझ्या हातात दिला.

"लेका, ह्यो सारखा अडाय लागलाय. दुकानवाला म्हणतोय समदं पुसून देतो, नव्यावानी हुईल. पर माझ्या ओव्या कुठं जात्याल?"

या एका प्रश्नावर माझे तीन दिवस गेले. फोनमधल्या फाईली कॉम्प्युटरवर कशा घ्याव्यात, कशा लावाव्यात आणि पुन्हा फोनमध्ये कशा बसवाव्यात, हे सगळं त्या तीन दिवसांत करून पाहिलं. काही चुकलं, काही जमलं. घरात असा एखादा फोन बहुतेकांच्या असतोच, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आत्या आता चौऱ्याहत्तरची. माऊलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते आणि पुढे बरडला जाते. त्या वाटेवर ती लग्न होऊन आल्यापासून चालत आलेली. २०२० साली वारी निघाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि आत्या घरात बसली. त्याच उन्हाळ्यात मुलीने तिला हा फोन घेऊन दिला होता. १ जुलै २०२० ला आषाढी एकादशी होती. त्या दिवशी पहाटे ती जात्यापाशी बसली, फोनमधलं रेकॉर्डर चालू केलं आणि गायली. पीठ गिरणीतूनच येतं, पण डाळ भरडायला जातं अजून आहे. तेव्हापासून एकादशी चुकवली नाही, आणि मधेही मन होईल त्या पहाटे रेकॉर्डिंग केलेलं. तिच्या आईच्या, सासूच्या तोंडच्या ओव्या. कागदावर एकही नाही. साडेतीन वर्षांचं हे सगळं एका ३२ जीबीच्या फोनमध्ये.

फोनची तक्रार साधी होती. जागा संपली होती. फोटो उतरत नव्हते, रेकॉर्डिंग मध्येच थांबत होतं, आणि बँकेचे एसएमएसही आत यायचे बंद झाले होते. जागा अगदीच संपली की अँड्रॉइड नवे एसएमएससुद्धा ठेवून घेऊ शकत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ते नेटवर्कला दोष देत बसतात. चुलतभावाने मध्यंतरी ६४ जीबीचं मेमरी कार्ड घालून दिलं होतं आणि काही रेकॉर्डिंग तिकडे हलवलीही होती. तरी फोन पुन्हा भरला, कारण व्हॉट्सअॅप आपला सगळा पसारा फोनच्या आतल्या जागेतच मांडतं. कार्ड जवळपास रिकामं आणि फोन तुडुंब, अशी स्थिती.

दुकानदाराचा सल्ला खोटा नव्हता. सगळं पुसलं असतं तर फोन खरंच नव्यासारखा झाला असता. पण पुसण्याआधी आत काय आहे हे बघायला हवं, ही साधी गोष्ट कुणी बोललं नाही याचं मला वाईट वाटलं.

मी आधी स्वतःशी क्रम ठरवला. फोनमध्ये काहीही न पुसता सगळं आधी लॅपटॉपवर आणायचं. मोजून खात्री करायची. निवडणं-टिपणं लॅपटॉपवर. आणि मग जेवढं हाताशी हवं तेवढंच, नीट नावं देऊन, फोनमध्ये परत. फोनच्या चार बोटांच्या पडद्यावर हजारो फाईली निवडत बसणं म्हणजे अंधारात तांदूळ निवडण्यासारखं आहे. खडे राहतात आणि तांदूळ जातात.

पहिली चूक

पहिला अर्धा तास केबलने खाल्ला. घरातली केबल फक्त चार्जिंगची होती. आत वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. बॅगेतली माझी केबल लावली, फोनवर वरून खाली बोट ओढून 'फाईल ट्रान्सफर' निवडलं आणि विंडोजमध्ये फोन दिसू लागला.

मग सगळे करतात तेच केलं. फोल्डर निवडलं, कॉपी, पेस्ट. व्हॉट्सअॅपच्या फोटोंच्या फोल्डरवर हिरवी पट्टी जी अडकली ती हलेना. चहा झाला, तिळगुळाचा पाक झाला, तरी मोजणीच चालू. शेवटी अर्ध्यावर एक चूक दाखवून सगळं थांबलं.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये केबल लावली की कार्ड पेनड्राइव्हसारखं अख्खं कॉम्प्युटरच्या ताब्यात जायचं. कोठीची किल्लीच देऊन टाकायची. पण तेवढा वेळ फोनला स्वतःलाच ती जागा वापरता यायची नाही. २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ३ पासून ही पद्धत सुटत गेली आणि एमटीपी, म्हणजे मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल, ही नवी पद्धत आली. आता किल्ली फोनकडेच असते. कॉम्प्युटर दारात उभा राहतो आणि कोठावळ्याला सांगतो, अमुक वस्तू आण. कोठावळा आधी आतल्या सगळ्या वस्तूंची यादी करतो, मग एकेक वस्तू आणून देतो. वस्तू शंभर असतील तर ठीक. वीस हजार असल्या की तो यादीतच दमतो.

पण वेळ गेल्याचं एवढं काही नाही. खरी गोष्ट मला कॉपी झालेल्या फाईली उघडून पाहिल्यावर दिसली. लॅपटॉपवर उतरलेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगवर त्या दिवसाची तारीख पडली होती, १३ जानेवारी २०२४. सगळ्या ओव्या जणू आजच गायलेल्या.

एरवी मी याकडे दुर्लक्ष केलं असतं. पण आत्याच्या रेकॉर्डरने फाईलींना नावं दिली होती 'व्हॉइस ००१', 'व्हॉइस ००२', अशी. नावात तारीख नाही. कधी गायली हे सांगणारी एकच खूण होती, ती म्हणजे फाईलला चिकटलेली तारीख, आणि नेमकी तीच गळून पडत होती. व्हॉट्सअॅपच्या फाईलींची तारीख त्यांच्या नावातच असते, वर्ष-महिना-दिवस आणि पुढे 'डब्ल्यूए' व क्रमांक, त्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही. व्हॉट्सअॅपने आलेल्या फोटोच्या पोटातली कॅमेऱ्याची माहिती मात्र निघून गेलेली असते, म्हणून ते नाव चुकूनही बदलू नये. या रेकॉर्डिंगना ना नाव होतं, ना गाव. एकादशीची ओवी कुठली आणि भाचीच्या डोहाळजेवणाची कुठली, हे तारखेशिवाय कळणार कसं?

मूळ फाईली फोनमध्ये जशाच्या तशा होत्या. काही पुसलं नव्हतं, म्हणून वाचलो. लॅपटॉपवरचं फोल्डर काढून टाकलं आणि रात्री जेवणं झाल्यावर नव्याने बसलो.

दुसऱ्या वाटेने

फोन तयार करणाऱ्या कंपन्या पूर्वी फोनबरोबर सीडी द्यायच्या. नोकियाचं पीसी सूट माझ्या पिढीने भरपूर वापरलंय. नंबर लावायचे, एसएमएस जपायचे, गाण्याचा तुकडा कापून रिंगटोन करायची, सगळं त्या एका खिडकीत. पुढे नोकियाने त्याच्या जागी जे सॉफ्टवेअर आणलं त्याचं नाव होतं ओवी सूट. २००७ मध्ये कंपनीने 'ओवी' हे नाव घेतलं. फिनिश भाषेत ओवी म्हणजे दार. तेव्हा हसू यायचं. त्या रात्री आत्याच्या ओव्यांसाठी फोनचं दार शोधत बसलो असताना मला ते नाव आठवलं आणि फार जवळचं वाटलं. २०११ मध्ये नोकियाने ते नाव सोडलं. तसं एकहाती सगळं करणारं सॉफ्टवेअर आता फोनबरोबर येत नाही. चार-पाच वेगवेगळी हत्यारं जमवावी लागतात.

पहिलं हत्यार एडीबी, म्हणजे अँड्रॉइड डीबग ब्रिज. गुगल ते 'प्लॅटफॉर्म टूल्स' नावाच्या छोट्या झिप फाईलमध्ये फुकट देतं. इन्स्टॉल करायचं नसतं, फोल्डर उघडून कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत हुकूम लिहायचा. त्याआधी फोनमध्ये एक काम. सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारायचं, म्हणजे डेव्हलपरसाठीचे पर्याय दिसू लागतात. त्यातलं यूएसबी डीबगिंग चालू करायचं. केबल लावल्यावर फोन विचारतो, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवू का? हो म्हणायचं. ही परवानगी मोठी आहे, फोनचं बरंचसं आतलं कॉम्प्युटरच्या हातात जातं. दुकानातल्या किंवा ऑफिसातल्या कॉम्प्युटरला ती देऊ नये, आणि आपलं काम झालं की डीबगिंग बंद करावं. मी ते निघताना आठवणीने बंद केलं.

एडीबीत 'पुल' या हुकमाने फोनमधलं फोल्डर ओढून घेता येतं, आणि त्याला 'ए' हा पर्याय जोडला की फाईलची मूळ तारीखही बरोबर येते. या एका अक्षराने माझं काम केलं. फोनच्या आतली सगळी जागा आणि कार्ड, दोन्ही ओढायला लावलं आणि झोपायला गेलो. सकाळी बघतो तर सगळं उतरलेलं, आणि 'व्हॉइस ००१' वर तारीख १ जुलै २०२०, वेळ पहाटे चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. मी आत्याला हाक मारून ती ओळ दाखवली. तिला इंग्रजी आकडे जुळवून वाचावे लागतात. तिने वाचले आणि म्हणाली, "त्या दिशी पाऊस होता बघ." रेकॉर्डिंग लावलं. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

उतरलं म्हणजे झालं, असं मी मानलं नाही. फोनवर किती फाईली आहेत हे एडीबीतूनच मोजलं, लॅपटॉपवर किती आल्या ते मोजलं. रेकॉर्डिंगच्या बाबतीत त्यापुढे जाऊन दोन्हीकडच्या प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ ठसा काढून जुळवला. हा ठसा म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून काढलेली चौसष्ट चिन्हांची ओळ. आतलं एक अक्षर जरी बदललं तरी ओळ पार बदलते. २१२ रेकॉर्डिंग, २१२ ठसे, सगळे जुळले. मगच सगळ्याची आणखी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली.

आता जागा कुणी खाल्ली होती ते बघता आलं. साडेतीन वर्षांच्या सगळ्या ओव्या मिळून एक जीबीसुद्धा भरत नव्हत्या! मिनिटाला साधारण एक एमबी, एवढंच ते रेकॉर्डर घेतं. बाकी सगळं व्हॉट्सअॅपचं. सुप्रभातची फुलं, लग्नाचे व्हिडिओ, तोच हनुमान चार ग्रुपमधून चारदा. त्यातही एक गोष्ट मलाही नव्याने कळली. आपण जे फोटो-व्हिडिओ पाठवतो त्यांची एक प्रत व्हॉट्सअॅप 'सेंट' नावाच्या फोल्डरात ठेवतं, आणि ते फोल्डर गॅलरीत दिसत नाही. आत्याने नातवाचा व्हिडिओ पाठवला की तो फोनमध्ये दोनदा. दिसतो एकदाच.

दुहेरी फाईली शोधायला च्कावका नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं. ठसे जुळवून ते तंतोतंत सारख्या फाईली एकत्र दाखवतं, आणि फोटोंच्या बाबतीत थोड्या वेगळ्या पण दिसायला सारख्या फोटोंच्या जोड्याही लावतं. च्कावका या पोलिश शब्दाचा अर्थ उचकी. मी हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "मग बरोबरच हाय की. उचकी लागती म्हंजी कोनतरी आठवन काढतंय." सारख्या दिसणाऱ्या फोटोंचं पुसणं मात्र यंत्रावर सोडू नये. एकाच मांडवात काढलेले दोन फोटो त्याला सारखे वाटले, पण एकात आत्याचे यजमान होते आणि दुसऱ्यात ते मागे वळले होते. दोन्ही ठेवले. ते आता नाहीत.

फोनमधलं काय पुसायचं यात मी एक नियम पाळला. फोटो आणि व्हिडिओ प्रत घेऊन पुसले, पण व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोटना हात लावला नाही. त्या वर्ष आणि आठवड्याच्या आकड्यांच्या फोल्डरांत साठवलेल्या असतात आणि जागा अगदी थोडी घेतात. फोनमधून काढल्या तर चॅटमध्ये नुसता सांगाडा राहतो, दाबलं तर काही वाजत नाही. जुन्या व्हॉइस नोट व्हॉट्सअॅपकडून पुन्हा उतरवूनही मिळत नाहीत. आत्याला बहिणीचा आवाज तिथेच, त्या चॅटमध्येच ऐकायचा असतो.

फोनबरोबर आलेली नको ती अॅप एडीबीने आत्याच्या खात्यापुरती काढून टाकली. त्याने जागा फारशी मिळत नाही, कारण मूळ अॅप फोनच्या राखीव भागात तसंच राहतं. पडदा मात्र मोकळा झाला, आणि तिच्या दृष्टीने तेही थोडं नव्हतं.

दशमीला गेलेली एकादशी

रविवारी दुपारी तारखांचा दुसरा गुंता निघाला. चुलतभावाने कार्डावर हलवलेली रेकॉर्डिंग होती, साठ-सत्तर. हलवताना त्यांची तारीख बदलली होती. सगळ्यांवर एकाच दिवसाची, हलवल्याच्या दिवसाची. इथे एडीबीचा उपयोग नव्हता, कारण फोनमध्येच मूळ तारीख उरली नव्हती.

इथे एक्झिफटूल कामाला आलं. फिल हार्वे यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फाईलच्या पोटात शिरून आत लिहिलेली माहिती वाचतं. एम४ए प्रकारच्या आवाजाच्या फाईलमध्ये, ती कधी तयार झाली हे आत नोंदवायची जागा असते, आणि ती नोंद १ जानेवारी १९०४ पासून किती सेकंद झाले अशा आकड्यात असते. बाहेरचं लेबल कितीही वेळा बदलू दे, आतली नोंद हलत नाही. आत्याच्या रेकॉर्डरने ती इमानाने केली होती. एका हुकमात सगळ्या तारखा समोर आल्या.

आनंदात नावं बदलून टाकली आणि यादी आत्याला वाचून दाखवली. ती ऐकता ऐकता थांबली. "एकोणीस जुलै? न्हाय रं. एकवीस सालची आषाढी ईस जुलैची. म्या एकादशीलाच म्हणली हुती, दशमीला कशी म्हणंन?"

तिचं बरोबर होतं. २०२१ ची आषाढी २० जुलैला होती. फाईलमधली नोंद १९ जुलै, रात्री अकरा वाजून दहा मिनिटांची होती. त्या वेळी आत्या झोपलेली असते. मग डोक्यात प्रकाश पडला. आतली नोंद आपल्या घड्याळाची नसते, ती जागतिक प्रमाणवेळेची असते. आपण तिच्यापुढे साडेपाच तास. रात्रीच्या अकरा-दहात साडेपाच तास मिळवा. २० जुलै, पहाटेचे चार चाळीस. जात्यावर बसायची वेळ.

दिवसा केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हा घोटाळा दिसला नसता, वेळ चुकली असती पण तारीख तीच राहिली असती. आत्या गाते पहाटे साडेपाचच्या आत, म्हणून तिची प्रत्येक ओवी एक दिवस मागे सरकत होती आणि प्रत्येक एकादशी दशमीला जाऊन पडत होती. एक्झिफटूलला, ही नोंद जागतिक वेळेची आहे, आपल्या वेळेत बदलून दे, असं सांगणारा पर्याय आहे. तो लावून सगळं पुन्हा केलं. पण यंत्राची चूक पकडली ती आत्याने, आणि तीही कॅलेंडर न बघता.

त्यानंतर नावं ठेवायला बसलो. मी रेकॉर्डिंग लावायचं, तिने पहिला चरण सांगायचा, मी तारखेपुढे तो लिहायचा. तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे फाईली आपोआप ओळीने लागतात. आकडे देवनागरी घेतले, कारण फोन तिचा आहे आणि वाचायचं तिला आहे. सगळीकडे देवनागरीच, कारण दोन्ही प्रकारचे आकडे मिसळले की क्रम मोडतो.

काही ओव्यांचे पहिले दोन्ही चरण लिहिले, लॅपटॉपने मुकाट्याने घेतले. फोनमध्ये परत पाठवायला गेलो तर फोन म्हणाला, नाव फार लांब. मोजून पाहिलं तर नाव शंभर अक्षरांच्याही आतलं. कारण असं की फोनमध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'पांडुरंग' या चार अक्षरी शब्दात अशी आठ चिन्हं आहेत, म्हणजे चोवीस बाइट. मराठी नावाला पंचाऐंशी चिन्हांपलीकडे जागाच नाही. विंडोज चिन्हं वेगळ्या रीतीने मोजतं म्हणून तिथे अडलं नव्हतं. मराठीत फाईलींना नावं देणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी आडवं येणार. आम्ही एका चरणावर थांबलो.

परत फोनमध्ये

सोमवारी सकाळी, सुगडं पुजून झाल्यावर, आत्याने निवडलेल्या साठ ओव्या एडीबीच्या 'पुश' हुकमाने फोनमध्ये पाठवल्या. 'ओव्या' नावाचं एक फोल्डर, आत वर्षावर्षाची फोल्डरं. गाणी वाजवणाऱ्या अॅपमध्ये त्या लगेच दिसल्या नाहीत. फोनची स्वतःची एक नोंदवही असते आणि बाहेरून ढकललेल्या फाईली तिच्यात चढायला वेळ लागतो. फोन एकदा बंद करून चालू केला, नोंदवही नव्याने तयार झाली, ओव्या आल्या. मूळ २१२ रेकॉर्डिंगही फोनमध्ये जिथे होती तिथेच राहू दिली. एवढ्याशा जागेसाठी तिथून काढण्याचं काही कारणच नव्हतं.

तिच्या आईची म्हणून ती जी ओवी गाते, ती 'अलार्म्स' नावाच्या फोल्डरात ठेवली, म्हणजे गजराच्या आवाजांच्या यादीत ती दिसू लागते. आता पहाटे चारला फोन तिच्याच आवाजात उठवतो. सरकारी योजनांची पत्रकं, औषधांच्या चिठ्ठ्या असे गॅलरीत नको असलेले फोटो एका फोल्डरात घालून त्यात 'नोमीडिया' नावाची, नावाआधी टिंब असलेली रिकामी फाईल ठेवली. ती असली की गॅलरी त्या फोल्डराकडे बघत नाही. फाईली जागच्या जागीच राहतात. व्हॉट्सअॅपमधलं आपोआप उतरवणं बंद केलं. ही एक सेटिंग आधी बंद असती तर यातलं निम्मं काम पडलंच नसतं.

शेवटी एससीआरसीपीवाय नावाचं सॉफ्टवेअर लावलं. जेनीमोबाइल या कंपनीने २०१८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. केबलने जोडलेल्या फोनचा पडदा ते लॅपटॉपवर मोठा दाखवतं, आणि फोन अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा असेल तर आवाजही लॅपटॉपमधून येतो. आत्याचा फोन ११ वर होता. फोन तिच्या हातात, पडदा आमच्या सगळ्यांसमोर. ती कुठे अडते ते मला दिसत होतं. 'ओव्या' उघडायला तिला तीन पायऱ्या लागत होत्या आणि दुसऱ्या पायरीवर दर वेळी चुकत होती. फोल्डरचं चिन्ह थेट पहिल्या पडद्यावर आणून ठेवलं. सांगून कळलं नसतं, ते बघून कळलं. फोनमध्ये आता अकरा जीबी मोकळे होते.

एक काम राहिलं होतं. ठसे जुळवताना दोन रेकॉर्डिंग वेगळी निघाली होती. फोनवर आणि लॅपटॉपवर तीच, ठसा तोच, पण वाजत नव्हती. दोन्ही जागा संपल्यानंतरच्या काळातली. एम४ए फाईलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, पुस्तक लिहून झाल्यावर लिहावी तशी. रेकॉर्डिंग मध्येच तुटलं की आवाज आत असतो, पण अनुक्रमणिका नसते, आणि वाजवणाऱ्या अॅपला कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. अनट्रंक नावाचं एक सॉफ्टवेअर त्याच रेकॉर्डरची दुसरी धड फाईल नमुना म्हणून घेतं आणि तिच्या अंदाजाने तुटक्या फाईलची अनुक्रमणिका बांधतं. पहिल्या फाईलवर ते चाललं. शेवटचं कडवं अर्धं आहे, पण बाकी ओवी आली.

दुसरीत बांधायला काही नव्हतंच. आकार शून्य. रेकॉर्डरने फाईल उघडली आणि एक बाइट लिहायलाही जागा मिळाली नाही. ती पुसून टाकावी म्हणून मी निवडली, आणि मग तारखेकडे लक्ष गेलं. २३ नोव्हेंबर २०२३, पहाटे चार पंचावन्न.

"आत्या, तेवीस नोव्हेंबरला काय होतं?"

"कार्तिकी." तिने विचारही केला नाही. थोडा वेळ गप्प बसली. "त्या दिशी म्या सासूबाईंची म्हणली हुती. लई वर्सांनी आठवली हुती ती. न्हाय का ऱ्हायली?"

"नाही."

ती उठली, जात्यापाशी जाऊन बसली, पदर सारखा केला. दुपारचे बारा वाजले होते, बाहेर पोरं पतंगाच्या मागे ओरडत होती. मी दार लोटून घेतलं आणि फोन तिच्यासमोर ठेवला. तिने खुंटा धरला, एकदा नुसताच फिरवला आणि मला म्हणाली, "कर चालू."